माघारीचा हक्क कोणाला?

२८ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे उत्तराखंडातील माणा गावाजवळ डोंगरउतारावरचे बर्फ सुटले आणि सीमा रस्ते संघटनेच्या मजूर तळावर कोसळले. बद्रीनाथच्या पलीकडे तिबेटच्या सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यावरील बर्फ हटविण्यासाठी आणलेले मजूर त्या वेळी तळावरील पोलादी कंटेनरमध्ये होते. ५४ जण त्या लोंढ्यात सापडले. लष्कराने आणि इतर पथकांनी तीन दिवस खपून ४६ जणांना जिवंत बाहेर काढले. ८ जण दगावले. सुरुवातीला अडकलेल्यांचा आकडा ५५ सांगितला जात होता. त्यांतील एक मजूर कोणाला न सांगता आधीच आपल्या गावी गेला होता, हे मागाहून उघड झाले. ज्या तळावर रात्री किती माणसे आहेत हेच नेमके ठाऊक नसते, तेथे ती माणसे कोणत्या उताराखाली झोपतात याचा विचार किती झाला असेल, हे वेगळे सांगावयास नको.

बचाव पथकांनी केलेली पराकाष्ठा निर्विवाद आहे. तथापि जीव वाचविणाऱ्यांचे कौतुक करून जीव धोक्यात घालणाऱ्या व्यवस्थेवर पांघरूण घालता येत नाही. अपघातानंतर नेहमीप्रमाणे ‘निसर्गाचा कोप’ हे शब्द उच्चारले गेले. पण हिमस्खलनांचा अभ्यास करणाऱ्या चंडीगडच्या संरक्षण संशोधन संस्थेने आदल्या संध्याकाळीच चमोलीसह उत्तराखंडाच्या पर्वतीय जिल्ह्यांतील २,४०० मीटरहून उंच भागांसाठी इशारा दिला होता. माणा त्याहून कितीतरी उंचीवर, सुमारे ३,२०० मीटरवर आहे. म्हणजे कोप अनपेक्षित नव्हता. इशारा होता, इशाऱ्यानुसार माणसांना हलविण्याची सक्ती मात्र कोणावर नव्हती. कोप निसर्गाचा असला, तरी त्याच्या वाटेवर कोणाला झोपवायचे हे माणसेच ठरवीत असतात.

सोलापूरच्या वाचकाला हा विषय दूरचा वाटेल. जेथे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि बर्फ म्हणजे सरबताच्या गाडीवरची लादी, तेथे हिमस्खलनाची चर्चा कशासाठी? परंतु ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचेनमध्ये सुमारे १९,६०० फूट उंचीवरील चौकीवर हिमकडा कोसळून जे दहा जवान गाडले गेले, त्यांतील एक सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील होता. माण म्हणजे माळशिरसला लागून असलेला, पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ सोसणारा मुलूख. पाण्यासाठी वणवण करणाऱ्या त्या मातीतील तरुण बर्फाखाली गेला. जानेवारी २०१७ मध्ये काश्मीरच्या गुरेझ भागात हिमस्खलनात गेलेल्या जवानांत अकोला जिल्ह्यातील तरुण होते. दुसऱ्या बाजूने, सोलापूरच्या आनंद बनसोडे यांनी २०१२ मध्ये एव्हरेस्ट गाठले, तेव्हापासून या जिल्ह्यातील अनेक मुलांना हिमालयाची ओढ लागली आहे. दर हिवाळ्यात शिक्षक, कारकून, महाविद्यालयीन विद्यार्थी केदारकंठासारख्या हिममार्गांवर जाऊ लागले आहेत. कोणी पोटासाठी, कोणी कर्तव्य म्हणून, कोणी हौसेने. पण महाराष्ट्राच्या कोरड्या पठारावरील माणूस आज बर्फाच्या उतारावर पोचला आहे. तेव्हा तेथील धोका समजून घेणे हेही त्याच्या शिक्षणाचे अंग झाले पाहिजे.

हा धोका गूढ नाही. हिवाळाभर पडलेले बर्फ एकसंध नसते. ते थराथरांनी साचते. त्यांतील एखादा थर थंडीने सुटा, रवाळ, खडीसाखरेच्या चुऱ्यासारखा होतो आणि वरून नवे बर्फ साचून, वाऱ्याने दाबले जाऊन त्याची घट्ट लादी तयार होते. उतारावर वाळू पसरावी, तिच्यावर शहाबादी फरशी ठेवावी आणि त्या फरशीवर माणसाने पाय द्यावा, तसा हा प्रकार आहे. फरशी जागची हलते ती तुकड्यातुकड्याने नव्हे, सगळीच्या सगळी. असे हिमस्खलन बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होते. घरातील साध्या जिन्याचा चढ साधारण याच पट्ट्याच्या आरंभी येतो; म्हणजे पाहणाऱ्याला तो कडा वाटत नाही, चालण्याजोगी टेकडी वाटते. फसगत तेथेच होते. याहून फार उभ्या कड्यावर बर्फ टिकून राहत नाही आणि फार सौम्य उतारावर ते सहसा सुटत नाही. मात्र सौम्य जागाही वरच्या उताराच्या पायथ्याशी असेल, तर वरून सुटलेले बर्फ तिच्यावर येऊन पडतेच.

हिमालयात आणि आल्प्समध्ये हिंडणाऱ्यांनी शंभर वर्षांच्या अनुभवातून काही नियम घालून घेतले आहेत. नुकताच मोठा हिमवर्षाव झाला असेल, जोराच्या वाऱ्याने कड्याच्या आडोशाला बर्फ लोटून साचविले असेल, थंडी एकाएकी ओसरून बर्फावर पाऊस पडला असेल, तर त्या दिवशी उताराला पाय लावायचा नाही. शेजारच्या उतारावर ताजे हिमस्खलन झालेले दिसले, पायाखाली धप्प असा खोल आवाज आला, किंवा बर्फात तडा सरसर पळत गेला, तर आणखी पुरावा शोधीत बसायचे नाही. धोक्याचा उतार ओलांडणे भागच असेल, तर एका वेळी एकानेच जायचे आणि बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवायची. घळीत किंवा उताराच्या तोंडाशी विश्रांती घ्यायची नाही, तंबू तर नाहीच. प्रत्येकाजवळ संदेश देणारे बीकन यंत्र, बर्फ चाचपण्याची लांब सळई आणि फावडे, ही तिन्ही असली पाहिजेत. कारण गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला, तर दहांपैकी नऊजण वाचतात; अर्ध्या तासानंतर त्यांतील जेमतेम तिघांची आशा उरते. दूरवरून येणाऱ्या पथकाला एवढ्या वेळात पोचता येत नाही. शेजारी उभा असलेला सोबतीच खरा बचावकर्ता होय.

या साऱ्या नियमांचे सार एका वाक्यात सांगता येते : शंका आली की मागे फिरावे. हौशी गिर्यारोहकांच्या हिमस्खलन अपघातांत दहांपैकी नऊ वेळा ते बर्फ बळी गेलेल्याच्या किंवा त्याच्या सोबत्याच्या वजनानेच सुटलेले असते, असा पाश्चात्त्य देशांतील अनुभव आहे. याचा अर्थ, मागे फिरण्याचा निर्णय हेच सर्वांत मोठे संरक्षण. ज्ञानालाही मर्यादा आहेत. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रशिक्षणवर्गावर हिमस्खलन होऊन २७ जण गेले; त्यांत त्याच वर्षी एव्हरेस्ट चढलेल्या प्रशिक्षिका सविता कंसवाल होत्या. जाणकारांचाही अंदाज चुकतो, म्हणूनच माघारीची सवलत अधिक मोलाची ठरते.

आता मुळातला प्रश्न येतो. ही सवलत कोणाला आहे? स्वखर्चाने गेलेला प्रवासी मागे फिरू शकतो. ओझे वाहणारा हमाल, रस्ता साफ करणारा मजूर, चौकीवरचा जवान हे मागे फिरू शकत नाहीत. पर्वताचे नियम सर्वांना सारखे. ते पाळण्याची मुभा मात्र प्रत्येकाच्या स्थानाप्रमाणे. हिमस्खलनाचा इतिहास या दृष्टीने वाचला, तर तो बर्फाचा इतिहास न राहता हुकमाचा इतिहास होतो.

७ जून १९२२ रोजी ब्रिटिशांच्या एव्हरेस्ट मोहिमेत, नव्या हिमवर्षावानंतर, मॅलरी यांच्या पुढाकाराने पुन्हा चढाई सुरू झाली. उतार सुटला आणि सात भारवाहक मेले. गोऱ्या गिर्यारोहकांपैकी एकालाही प्राण गमवावे लागले नाहीत. एव्हरेस्टच्या उतारावरील हिमस्खलनाचे पहिले बळी हे मजुरीवर आलेले लोक होते, हा योगायोग नव्हे. त्याआधी, पहिल्या महायुद्धात, १३ डिसेंबर १९१६ रोजी मार्मोलादा पर्वतावर ऑस्ट्रियन सैन्याच्या बराकींवर हिमलोंढा येऊन अडीचशेहून अधिक सैनिक गाडले गेले. बराकींची जागा धोक्याची आहे, ती बदलावी, अशी मागणी तेथील अधिकाऱ्यानेच वर केली होती. ती फेटाळली गेली. उतार पाहणाऱ्याने धोका ओळखला होता. नकाशा पाहणाऱ्याने तो नाकारला.

याच्या नेमके उलट उदाहरण २०१४ चे आहे. १८ एप्रिल रोजी एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातात बर्फाचे प्रचंड सुळके कोसळून १६ नेपाळी कामगार मरण पावले. परदेशी गिऱ्हाईक मोसमात ज्या वाटेने मोजक्या वेळा जातो, तीच वाट शेर्पा दोर, शिड्या आणि सामान घेऊन पुन्हापुन्हा तुडवितो. नेपाळ सरकारने मृतांच्या कुटुंबांना तातडीची मदत म्हणून ४०,००० नेपाळी रुपये जाहीर केले, तेव्हा संतापाचा भडका उडाला. शेर्पांनी पुढे काम करण्यास नकार दिला. त्यांच्या बाजूने पारंपरिक अर्थाने बलाढ्य युनियन नव्हती, संपाचा निधी नव्हता. होते ते केवळ एकमत. दक्षिणेकडील जवळजवळ सर्व मोहिमा गुंडाळाव्या लागल्या आणि विम्याची रक्कम वाढविणे सरकारला भाग पडले. जगातील सर्वोच्च शिखरावर त्या मोसमात काय होणार, हे श्रीमंत गिऱ्हाइकांनी नव्हे, तर ओझे वाहणाऱ्यांनी ठरविले. गिरण्यांच्या संपांचा वारसा असलेल्या सोलापूरला या घटनेचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

प्रवाशाची माघारही पूर्णपणे मोकळी नसते, हेही येथे नमूद केले पाहिजे. सहल-कंपनीचे वेळापत्रक ठरलेले, रजा मोजकी, परतीचे रेल्वे तिकीट हातात आणि पैसे आगाऊ भरलेले. अशा स्थितीत ‘आज थांबू या’ असे म्हणणारा वाटाड्या कोणालाच आवडत नाही. शिखर झाले नाही तर गिऱ्हाईक रागावते, गिऱ्हाईक रागावले तर कंपनी वाटाड्याला पुढच्या वेळी बोलावीत नाही. निर्णय बर्फ पाहून व्हावा, तो हिशेबाची वही पाहून होतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर करून आयोजकांच्या नोंदणीची तरतूद केली, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. पण नोंदणीच्या कागदाने वाटाड्याला नकाराचे बळ येत नाही. वेळापत्रकात राखीव दिवस असणे, माघार घेतली तरी वाटाड्याचा व हमालाचा पूर्ण रोज मिळणे, त्यांचा विमा उतरविलेला असणे, हे बळाचे खरे आधार होत.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. सीमेवरचे रस्ते बंद ठेवता येत नाहीत. जवानांना आणि खोऱ्यांतील रहिवाशांना धान्य, इंधन, औषधे पोचली पाहिजेत. त्यासाठी कोणीतरी बर्फ हटविलेच पाहिजे. प्रत्येक इशाऱ्याला काम बंद ठेवले, तर हिवाळाभर काम व्हायचेच नाही. शिवाय अंदाज अनेकदा चुकतात. हे सर्व मान्य. पण माणा येथील मजूर रस्त्यावर काम करताना गाडले गेले नाहीत. ते तळावर गाडले गेले. काम धोक्याच्या जागी करावे लागते, हे एक वेळ खरे मानता येईल. झोपही धोक्याच्याच जागी घ्यावी लागते, हे कोणत्या राष्ट्रीय गरजेत बसते? ज्या पोलादी कंटेनरमुळे कित्येकांचे प्राण वाचले असे अधिकाऱ्यांनीच सांगितले, तेच कंटेनर लोंढ्याच्या वाटेबाहेर ठेवले असते, तर वाचविण्याची वेळच आली नसती.

ही गोष्ट अशक्य कोटीतील नाही. १९५०-५१ च्या हिवाळ्यात आल्प्समध्ये अडीचशेहून अधिक माणसे हिमस्खलनांत मेल्यानंतर तेथील देशांनी उतारांचे नकाशे करण्याचे काम जोमाने हाती घेतले. आज स्वित्झर्लंडमध्ये नकाशावर लाल दाखविलेल्या पट्ट्यात नवे घर बांधता येत नाही. धोका वाढला की रस्ते बंद होतात, रस्ता रिकामा असताना सुरुंग लावून बर्फ मुद्दाम खाली पाडले जाते, उतारांवर पोलादी आडवण उभारली जाते. त्याचा खर्च समाज उचलतो. भारतातही हिम आणि हिमस्खलनाच्या अभ्यासासाठी १९६९ मध्ये मनाली येथे स्वतंत्र संस्था स्थापन झाली. २०२० मध्ये तिचे रूपांतर चंडीगडच्या आजच्या संस्थेत झाले. म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ या देशात हे ज्ञान आहे. कमतरता ज्ञानाची नाही, ज्ञान आणि अधिकार यांच्यातील दुव्याची आहे. शास्त्रज्ञ इशारा देतो, पण तळ हलविण्याचा अधिकार त्याला नाही. तळाच्या व्यवस्थापकाला अधिकार आहे, पण काम मागे पडल्यास जाब त्यालाच द्यावा लागतो. मजुराचा जीव जातो, पण त्याला ना इशारा कळतो, ना थांबण्याचा अधिकार असतो.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारातील १३ वे कलम सांगते की, जिवाला तात्काळ आणि गंभीर धोका आहे असे मानण्यास सबळ कारण असताना जो कामगार कामावरून दूर होतो, त्याला त्याबद्दल अन्याय्य परिणाम भोगावे लागू नयेत. भारतात १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये, कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांतील कामगाराला धोक्याची सूचना देण्याचा हक्क मिळाला होता. पण तो हक्क कारखान्याच्या भिंतींपुरता होता. पर्वतावर मजुरी करणाऱ्याला त्याचा उपयोग नव्हता. जवानाच्या बाबतीत तर असा हक्क मागताच येत नाही. म्हणूनच त्याची चौकी कोठे असावी, ती केव्हा रिकामी करावी, याचा विचार त्याच्या वतीने आधीच करण्याची जबाबदारी राज्यकर्त्यांवर दुपटीने येते. सियाचेनमध्ये १९८४ पासून शत्रूच्या गोळीपेक्षा हवामानाने आणि पर्वताने अधिक जवान घेतले आहेत. त्यांच्या हौतात्म्याला वंदन करून हा प्रश्न मिटत नाही.

आणि हा प्रश्न बर्फापुरताही नाही. माणाच्या घटनेला तीन महिनेही झाले नव्हते, तोच १८ मे २०२५ रोजी पहाटे सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत एका टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जण मृत्युमुखी पडले. मालकाचे कुटुंब आणि कामगार कारखान्याच्या इमारतीतच राहत होते. आगीने दोघांतही फरक केला नाही. एकीकडे बर्फ, दुसरीकडे आग. एकीकडे सरकारी तळ, दुसरीकडे खाजगी कारखाना. दोन्ही घटनांची कारणे वेगळी आहेत आणि ती एकत्र करणे चुकीचे ठरेल. पण एक गोष्ट समान आहे : कामाची जागा आणि निजण्याची जागा एक झाली की धोक्यापासून दूर होण्याची वेळ माणसाला मिळत नाही. दिवसा जो धोका डोळ्यांना दिसतो, तो रात्री उशाशी येऊन बसतो.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. हिमप्रदेशातील प्रत्येक मजूर तळाची जागा हिमस्खलनाच्या नकाशावर तपासूनच ठरवावी आणि तो तपास मजुरांना पाहता यावा. विशिष्ट पातळीचा इशारा मिळताच तळ रिकामा करणे बंधनकारक असावे. ते कोणी करायचे, त्या अधिकाऱ्याचे नाव आधीच फलकावर लिहिलेले असावे. धोक्यामुळे काम थांबेल त्या दिवसांचा रोज पूर्ण मिळावा, कारण रोज बुडणार असेल तर उपाशी मजूर स्वतःच धोका पत्करील. बीकन, सळई आणि फावडे ही केवळ गिर्यारोहकाची साधने न राहता बर्फात काम करणाऱ्या मजुराची हत्यारे व्हावीत. आणि रोज संध्याकाळी हजेरी व्हावी. निदान किती माणसे शोधायची आहेत, हे तरी शोधणाऱ्यांना ठाऊक असावे.

सोलापूरच्या कार्यकर्त्यांनाही यात करण्यासारखे आहे. हिवाळी सहलीला निघालेल्या तरुणांच्या सभा घेऊन उतार, इशारे आणि साधने यांची माहिती देता येईल. आपल्या हमालाचा विमा आहे काय आणि माघार घेतल्यास त्याचा रोज बुडतो काय, हे दोन प्रश्न आयोजकाला विचारण्याची सवय त्यांना लावता येईल. जिल्ह्यातून बाहेर मजुरीला जाणाऱ्यांच्या याद्या आणि त्यांच्या मुक्कामाचे पत्ते शाखांना ठेवता येतील. आणि शहरातील यंत्रमागांच्या, टॉवेलच्या, विड्यांच्या कामाच्या जागी रात्री कोण झोपते, बाहेर पडण्यास वाट किती, हे पाहून त्याची नोंद करता येईल.

धैर्य म्हणजे पुढे जाणे, असे शाळेत शिकविले जाते. पर्वत वेगळे शिकवितो. तेथे योग्य वेळी मागे फिरण्यालाही धैर्य लागते, आणि ते धैर्य ज्याच्या पोटाला चिमटा बसणार नाही त्यालाच परवडते. ही विषमता दूर करणे पर्वताच्या हाती नाही. ते संघटित श्रमिकांच्या हाती आहे.